सुधारलेली चूक पुढच्या गुरुवारी परत येते : युक्रेनी मंडळींना इंग्रजी शिकवताना

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी आमच्या गावच्या वाचनालयात इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. गाव इंग्लंडमधलं, मी साताऱ्याची, आणि समोर बसणारे दहा-बारा जण युक्रेनचे. मार्च २०२२ मध्ये ब्रिटन सरकारने 'होम्स फॉर युक्रेन' योजना सुरू केली, तेव्हा इथल्या घराघरांतून ही कुटुंबं राहायला आली आणि वाचनालयाने 'कुणाला थोडा वेळ देता येईल का' म्हणून चिठ्ठी लावली. मी पेशाने शिक्षिका नाही, हिशेब लिहिते. पण इंग्रजी आपण परकी म्हणून शिकलो, तर परक्याला शिकवता येईल असं वाटलं.

वाटलं तेवढं सोपं नव्हतं. चूक दाखवायची, ती वहीत लिहून घ्यायची, तीनदा बरोबर म्हणायची, आणि पुढच्या गुरुवारी तीच चूक जशीच्या तशी दारातून आत यायची. पुण्यात बसून ऑनलाइन शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीचंही हेच रडगाणं. जून २०२४ मध्ये युक्रेनच्या संसदेने इंग्रजीला आंतरराष्ट्रीय संवादाची भाषा ठरवणारा कायदा केला आणि काही सरकारी पदांसाठी इंग्रजी सक्तीचं केलं. तिच्याकडे तसे दोघे नोकरदार आहेत, दोघेही अभ्यासू, आणि दोघेही सहा महिने 'आय ॲम अग्री' म्हणताहेत.

मला उशिरा सुचलेला उपाय आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. इंग्रजी वाक्य दुरुस्त करायला घेऊ नका. आधी विचारा, 'हे तुमच्या भाषेत कसं म्हणाल? एकेका शब्दाचा अर्थ सांगत म्हणा.' तुम्हाला युक्रेनी यायची गरज नाही, मलाही धड येत नाही. पण त्या उत्तरात चुकीचं मूळ दिसतं, आणि निम्म्या वेळा असं दिसतं की मूळ आपल्याच अंगणातलं आहे.

एक सावधगिरी. रशियन भाषकांसाठी बनवलेल्या चुकांच्या याद्या इंटरनेटवर भरपूर मिळतात, त्या छापून वाटू नका. भाषा जवळच्या असल्या तरी एक नाहीत. रशियनमध्ये शब्दाच्या शेवटचा 'द' उच्चारताना 'त' होतो, युक्रेनीत होत नाही. त्यामुळे 'बेड' आणि 'बेट'चा सराव ज्यांना नको त्यांना आपण तोच पाजत बसतो. शिवाय घर सोडून आलेल्या माणसापुढे रशियन यादी ठेवणं कसं वाटेल याचा विचार करा. मी एकदा ठेवली होती. कुणी काही बोललं नाही, कागद मात्र सगळे टेबलावरच राहिले.

'आय लिव्ह हिअर टू इयर्स'

ही सगळ्यात चिवट चूक. खार्किवहून आलेल्या, तिथे गणित शिकवणाऱ्या एका बाईंना मी आठ आठवडे 'आय हॅव लिव्ह्ड' म्हणायला लावत होते. शेवटी शब्दन्‌शब्द विचारलं. 'या झिवु तुत द्वा रोकि.' या म्हणजे मी, झिवु म्हणजे राहते, तुत म्हणजे इथे, द्वा रोकि म्हणजे दोन वर्षं. मी इथे दोन वर्षं राहते. अहो, हे तर आपलं मराठी वाक्य! जे सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही ते त्यांच्या लेखी वर्तमानकाळ, आपल्याही लेखी वर्तमानकाळ. आपण तर त्यावर आणखी एक कडी करतो आणि 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' म्हणतो, कारण मराठीत 'दोन वर्षांपासून' आणि '२०२२पासून' दोन्हीकडे 'पासून' एकच. ही चूक मी स्वतः इथे आल्यावर पहिली तीन वर्षं करत होते. वर्गात ते कबूल केलं तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

उपाय म्हणून नियम सांगू नका, फळ्यावर एक रेघ काढा. डाव्या टोकाला '२०२२', उजव्या टोकाला 'आज'. डावं टोक बोटाने दाखवलं की 'सिन्स', सगळी रेघ हाताने मापली की 'फॉर', आणि रेघ आजपर्यंत पोचली तर 'हॅव'. रेघ मधेच तुटली, म्हणजे गोष्ट संपली, तर 'हॅव' नाही: 'आय लिव्ह्ड इन खार्किव फॉर फॉर्टी इयर्स.' हे वाक्य त्यांनी स्वतः केलं. रेघ तुटण्याचा अर्थ त्यांना माझ्याकडून शिकायचा नव्हता.

आता याच काळाची उलटी बाजू, कारण तिथे शिक्षकच चूक पेरतात. युक्रेनी क्रियापदं जोडीने येतात. 'पिसाती' म्हणजे लिहिण्याचं काम करणं, 'नापिसाती' म्हणजे लिहून संपवणं. 'रोबिती' करणं, 'झ्रोबिती' करून टाकणं. आपल्या 'लिहीत होतो' आणि 'लिहून टाकलं' यांतल्या फरकासारखंच. शाळेत कुणीतरी सांगितलेलं असतं की ही संपवणारी जोडी म्हणजेच इंग्रजीचा परफेक्ट, म्हणजे 'हॅव' लावून होणारा काळ. मग 'काल मी पत्र लिहून टाकलं' याचं 'यस्टर्डे आय हॅव रिटन अ लेटर' होतं. इंग्रजीचा परफेक्ट काम संपलं का हे विचारत नाही. त्याचा आजशी संबंध आहे का, हे विचारतो. मी त्यांना एकच चाचणी दिली आहे: वाक्यात 'केव्हा'चं उत्तर आहे का? काल, मे महिन्यात, शाळेत असताना, असं काहीही असेल तर 'हॅव' पुसून टाका. आपल्याला हे सोपं जातं, कारण 'जेवलीस का?' आणि 'मी जेवले आहे, आता नको' यांतला फरक आपण ताटावर बसून शिकलेलो असतो. 'काल मी जेवले आहे' असं आपण सहसा म्हणत नाही.

'आय टीचर', आणि त्यानंतरचं 'आय ॲम अग्री'

पहिली चूक सगळ्यांना कळते. युक्रेनीत वर्तमानकाळात 'आहे' सहसा म्हणत नाहीत. मी शिक्षिका, तो आजारी, घर मोठं. संपलं. पण भूतकाळात होता, होती आवर्जून म्हणतात, म्हणून 'आय वॉज टीचर' मधला 'वॉज' ते कधी विसरत नाहीत, हे लक्षात आलं का तुमच्या? मला फार उशिरा आलं. त्याचाच उपाय झाला: वाक्य कालवर न्या. काल 'होती' आलं ना? मग आज तिथेच 'ॲम'.

हा उपाय दोन आठवडे झकास चालला आणि मग 'आय ॲम अग्री' उगवलं. कारण युक्रेनीत सहमत असणं हे क्रियापदाने नाही, विशेषणाने म्हणतात. 'या झ्होद्ना', म्हणजे मी सहमत. कालवर नेलं की 'मी सहमत होते', म्हणून आज 'ॲम'. माझ्याच युक्तीने मला पाडलं. इथे तर्क शोधू नका. 'अग्री' हे इंग्रजीत करण्याचं काम आहे, असण्याचं नाही, एवढं सांगून तो शब्द वेगळ्या पानावर लिहायला लावा. उलट 'मेनी खोलोद्नो', म्हणजे 'मला थंड'. आपल्याला थंडी वाजते, भूक लागते, आवडतं, आठवतं, सगळं 'मला'ने. त्यांच्याकडेही थंडी वाजणं, आवडणं अशा कितीतरी गोष्टी 'मेनी'ने. आपण दोघेही अनुभव येणाऱ्याला चतुर्थीत बसवतो आणि इंग्रज त्याला कर्त्याच्या खुर्चीवर बसवतो. 'मी-ला जे होतं ते इंग्रजीत आय ॲम किंवा आय लाइक' अशी छोटी यादी करून द्या, दहा-बारा वाक्यांची. तेवढी पुरते.

अ आणि द

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण हा रोग मलाही आहे. मराठीत आर्टिकल नाही, युक्रेनीत नाही. नियमांचं पुस्तक उघडलं की दोन्ही बाजूंचे डोळे मिटायला लागतात.

पण फरक आपण करत नाही असं थोडंच आहे? 'खोलीत एक बाई आली' आणि 'बाई खोलीत आली' ही दोन वाक्यं म्हणून बघा. पहिल्यातली बाई कोण आपल्याला माहीत नाही. दुसरीची आपण वाट बघत होतो. युक्रेनीत हेच नुसत्या शब्दक्रमाने होतं: 'खोलीत आली बाई' म्हणजे कुणीतरी, 'बाई आली खोलीत' म्हणजे ती आपली ठरलेली. नवी माहिती शेवटी ढकलायची, जुनी पुढे आणायची. सात विभक्त्यांची भाषा आहे, शब्द कुठेही ठेवले तरी कर्ता-कर्म हरवत नाहीत, म्हणून क्रम या कामाला मोकळा राहतो. आपल्या आठांमध्ये जसं संबोधन आहे तसं त्यांच्या सातांतही आहे. पहिल्या दिवसापासून मला हाक मारताना माझ्या नावाच्या शेवटच्या 'आ'चा 'ओ' होतो आणि पुढे 'पानी' लागतं. पानी म्हणजे बाई, मॅडम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून पाण्याची बाटली पुढे केली होती.

तर उपाय असा: 'अ' की 'द' असा प्रश्न पडला की वाक्य मनात युक्रेनीत म्हणा. नाम शेवटी गेलं तर बहुधा 'अ', सुरुवातीला आलं तर बहुधा 'द'. बहुधा म्हणते आहे, कायम नाही. पण कुठल्याही नियमापेक्षा हे जास्त वेळा बरोबर येतं, आणि मुख्य म्हणजे विचारण्याची जागा त्यांच्या घरातच आहे.

देशांच्या नावांसाठी तर शिकवावंच लागत नाही. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्यांच्या देशाला 'द युक्रेन' म्हणत. जणू तो कुठल्यातरी मोठ्या मुलखाचा एक प्रांत. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यापासून तो 'द' त्यांना खुपतो, आणि कुणा इंग्रज आजोबांच्या तोंडून निघाला तर वर्गातलं सगळ्यात लाजरं माणूससुद्धा दुरुस्ती करतं. तो राग वापरा. 'युक्रेनला द नाही, मग पोलंडला? इंडियाला? इंग्लंडला?' नाही, नाही, नाही. 'आणि युनायटेड किंगडमला?' इथे थांबतात. मग सांगायचं की किंगडम, स्टेट्स, रिपब्लिक असं साधं नाम नावात आलं की 'द'. हा धडा आमच्याकडे एकदाच झाला आणि परत घ्यावा लागला नाही.

'कॅन यू बॉरो मी युअर अम्ब्रेला?'

ऑक्टोबरातला गुरुवार, वर्ग सुटला तेव्हा बाहेर पाऊस. सत्तरीच्या आजी दारात उभ्या, माझ्या छत्रीकडे बघत हे वाक्य बोलल्या. मी सवयीने म्हटलं, 'लेंड.' त्यांनी मान हलवली, 'येस, लेंड,' आणि लगेच, 'टुमॉरो आय लेंड इट बॅक?' छत्री हातात, पाऊस समोर, आणि आम्ही दोघी दारातच वर्ग भरवून उभ्या. शेवटी त्यांच्या नातवाने सांगितलं की त्यांच्याकडे शब्दच एक आहे, 'पोझिचाती'. उसनं देणं पण तोच, उसनं घेणं पण तोच. दिशा बाकीच्या वाक्यावरून कळते.

आपल्याकडेही शब्द एकच आहे, 'उसनं', पण त्याला 'देणं' आणि 'घेणं' जोडावंच लागतं. म्हणून मी तिथल्या तिथे छत्रीवरच दाखवलं. माझ्या हातातून त्यांच्याकडे: गिव्ह, लेंड. त्यांनी माझ्याकडून ओढली: टेक, बॉरो. परत केली: गिव्ह बॅक. प्रत्येक वेळी छत्री खरोखर इकडून तिकडे. तीन वेळा झालं तेव्हा त्या भिजत का होईना बरोबर बोलल्या. वस्तू हातात नसताना हा शब्द शिकवायचा नाही, असं मी तेव्हापासून ठरवलं आहे.

हाच प्रकार 'वचिती'चा. शिकणं आणि शिकवणं दोन्ही त्यातच, म्हणून 'शी लर्न्ड मी इंग्लिश'. आपण इथे नशीबवान, 'शिक'ला 'व' लावला की काम झालं.

पण शरीराच्या बाबतीत आपण दोघे एकाच होडीत. माझा भाचा तेर्नोपिलला डॉक्टरकी शिकत होता. तेव्हा विन्नित्सिया, खार्किव, तेर्नोपिल इथे महाराष्ट्रातली कितीतरी मुलं होती. तो २०२२च्या मार्चमध्ये सीमा ओलांडून परत आला. अभ्यास इंग्रजीतून असला तरी वॉर्डात पेशंटला 'श्चो बोलित?' म्हणजे 'काय दुखतंय?' हे युक्रेनीतच विचारावं लागे. उत्तर यायचं 'रुका'. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं रुका. 'नोहा' म्हणजे कमरेपासून तळव्यापर्यंत सगळं. तो म्हणतो, 'मावशी, मला काही अडलं नाही, आपला हात आणि आपला पाय तसाच की!' बोटांचंही तेच, हाताची असोत की पायाची, 'पालेत्स'. घड्याळ भिंतीवरचं असो की मनगटावरचं, 'होदिन्निक'. इंग्रज मात्र हँड वेगळा, आर्म वेगळा, फूट वेगळा, लेग वेगळा मोजतो. इथे डॉक्टरकडे 'माय हँड हर्ट्स' म्हणून खांदा दाखवला तर फार बिघडत नाही, फोनवर सांगताना बिघडतं. म्हणून डोळे बंद करून फक्त सांगून शिंप्याला माप द्यायचा खेळ आम्ही खेळतो. हसून पुरेवाट होते.

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर 'रेत्सेप्त' सांगते. स्वयंपाकाची कृती आणि डॉक्टरची चिठ्ठी, दोन्ही रेत्सेप्त. इंग्रजीत कृती रेसिपी, चिठ्ठी प्रिस्क्रिप्शन, आणि कानाला सगळ्यात जवळचा शब्द रिसीट, म्हणजे पावती. औषधाच्या दुकानात 'आय हॅव रिसीट' म्हटलं की दुकानदार औषध परत घ्यायला हात पुढे करतो.

याहून घातक शब्द एकच, आणि तो मी पहिल्याच महिन्यात शिकवते. युक्रेनीत 'अनहिना' म्हणजे घशातल्या गाठींची सूज, टॉन्सिल्स. इंग्रजीत तोच शब्द अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत उठणारी कळ. तो अर्थ तुम्हा-आम्हाला घरातल्या म्हाताऱ्यांमुळे पाठ. आमच्यातल्या एका तरुणाने फोनवर अपॉइंटमेंट मागताना 'आय हॅव अंजायना' सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम बदलला, छातीत दुखतंय का, घाम येतोय का, डावा हात जड झाला का, अशी सरबत्ती सुरू झाली आणि हा बिचारा 'नो, नो, थ्रोट' म्हणत राहिला. आता नियम असा केला आहे की फोनवर आजाराचं नाव सांगायचंच नाही, काय होतंय ते सांगायचं. घसा दुखतो, गिळता येत नाही, ताप आहे. हा नियम आपल्या माणसांनाही उपयोगी आहे.

बाकीचे फसवे शब्द इतके घाबरवत नाहीत. 'महाझिन' म्हणजे दुकान, मॅगझिन नव्हे. 'सिम्पातिच्नी' माणूस दिसायला गोड असतो, सिंपथेटिक असेलच असं नाही. 'आकुरातनी' म्हणजे नीटनेटका. 'आक्तुआल्नी' म्हणजे सध्याचा, आजच्या घडीचा. एका ताईंनी घरी केलेला जर्दाळूचा जॅम आणला तेव्हा मी कौतुकाने विचारलं, 'नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज?' अख्खा वर्ग एकमेकांकडे बघायला लागला, मग कुणीतरी फुटलं. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ निरोध. मी तेव्हापासून 'केमिकल' म्हणते.

थोडक्यात निपटणाऱ्या गोष्टी

'मनी आर ऑन द टेबल.' त्यांचे पैसे, 'ह्रोशी', कायम अनेकवचनी. आपलेही. 'पैसे आहे' असं कोण म्हणतं? बातम्या, फर्निचर, दार हेसुद्धा त्यांच्याकडे अनेकवचनी, म्हणून एकच दार उघडं असलं तरी 'डोअर्स आर ओपन'. समजावत बसू नका, पाच शब्दांची चिठ्ठी फ्रिजवर लावायला सांगा.

'आय डोन्ट नो नथिंग.' त्यांच्या व्याकरणात 'कुणीही नाही' बरोबर क्रियापदालाही 'नाही' लावणं सक्तीचं. 'निख्तो ने प्रिय्शोव', कुणीही नाही न आला. इंग्रजीत नकार एका वाक्यात एकदाच खर्च करायचा, हे पैशाच्या भाषेत सांगितलं की पटतं.

'इफ विल बी रेन.' ही मला आवडणारी चूक आहे. पाऊस अजून यायचा आहे म्हणून ते भविष्यकाळ वापरतात, इंग्रज वर्तमानकाळ वापरतो, आणि आपण म्हणतो 'पाऊस आला तर', चक्क भूतकाळ. तीन भाषा, एक पाऊस. त्यांना सांगते, 'इफ'च्या घरात 'विल'ला बंदी, तो स्वल्पविरामापलीकडे राहतो.

'लिसन म्युझिक', 'एक्स्प्लेन मी', 'डिपेंड्स फ्रॉम', 'मॅरिड विथ'. शब्दयोगी अव्ययांना तर्क नसतो. क्रियापदासकट जोडीनेच पाठ करायची. 'मॅरिड विथ' आपलंही आहे, कारण लग्न आपण कुणा'शी' करतो.

उच्चारांत दोन गोष्टींवर मेहनत घ्या. एक, इंग्रजी 'ह'. तो ते घसा खरवडून 'ख'कडे नेतात, 'हाउस'चं 'खाउस'. आणि गंमत म्हणजे आपला मऊ 'ह' त्यांच्याकडे आहे, 'होदिन्निक'च्या सुरुवातीला आहेच की. तो इंग्रजीच्या अगदी जवळचा. 'होदिन्निक, होदिन्निक, हाउस' असं म्हणायला लावा, दोन मिनिटांत फरक पडतो. दुसरी, 'वेस्ट'मधला ओठ गोल करून म्हणायचा 'व'. इथे आपली मदत शून्य, माझी स्वतःची वाइन आणि व्हाइन अजून एकच येते. पण 'ल्विव' शहराचं नाव ते स्वतः घेतात तेव्हा शेवट 'ल्विउ' असा ओठांनी गोल होतो. तोच शेवट उचलून शब्दाच्या सुरुवातीला ठेवायचा.

व्याकरण बरोबर, पण माणूस दुखावला

हे कुठल्याही यादीत नसतं. ल्विवहून आलेला एक तरुण कॅफेत कामाला लागला आणि आठवड्यात मालकीण म्हणाली, मुलगा उद्धट आहे. वर्गात तो सगळ्यात नम्र! मी विचारलं, सहकाऱ्याकडे काही मागताना काय म्हणतोस? 'गिव्ह मी प्लीज कप्स.' त्याच्या भाषेत 'दाय्ते, बुद लास्का' यात सगळा आदर आला, कारण 'दाय्ते' हे 'दे' नव्हे, 'द्या' आहे. आपणही 'जरा ते कप द्या' म्हटलं की कुणी उद्धट म्हणत नाही. आदर आपण क्रियापदाच्या शेपटीत ठेवतो. इंग्रजीला तू आणि तुम्ही यांत फरकच उरलेला नाही, त्यामुळे 'गिव्ह'ला कितीही 'प्लीज' बांधलं तरी तो हुकूमच राहतो. तिथे आदर प्रश्नात ठेवावा लागतो: 'कुड यू पास मी द कप्स?'

त्याला हे पटेना. 'पास करता येतं का, असं काय विचारायचं? येतंच की, हात आहेत तिला.' खरं आहे. मी म्हटलं, बाळा, प्रश्न नाहीच तो, 'द्या' आहे, फक्त वेगळ्या कपड्यांत. मग आम्ही कॅफेतली दहा हुकमी वाक्यं काढली आणि दहाही प्रश्नात घातली. आता त्याचं बरं चाललं आहे. पगार वाढला की नाही ते विचारलेलं नाही.

एक चूक मात्र मी सोडून दिली आहे. त्यांच्याकडे वस्तूंनाही लिंग आहे, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसक, आपल्यासारखीच तिन्ही. पुस्तक त्यांच्यात 'ती', टेबल 'तो'. 'व्हेअर इज माय बुक? शी वॉज हिअर.' सांगून बघितलं की निर्जीव ते सगळं 'इट'. वहीत लिहितात, बोलताना विसरतात, आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळतोच. म्हणून तो वेळ 'हॅव'वर घालवते.

मागच्या गुरुवारी छत्रीवाल्या आजी आणि मी स्टॉपवर पोचलो तर बस वळणावर दिसेनाशी होत होती. आजी म्हणाल्या, 'ही हॅज गॉन.' हॅज गॉन! आठवण न करता, अचूक. 'ही'कडे मी कानाडोळा केला, कारण माझ्याही तोंडून मराठीतच निघालं होतं, गेली. पुढची वीस मिनिटांनी होती.